सहीनंतरचा रस्ता

पहिला दिवस : वाडा

पशुवैद्यक म्हणून आजवर शेकडो दाखल्यांवर मी सही केली असेल. ‘सदर जनावरे प्रवासास योग्य आहेत’ हे त्यातलं वाक्य मला झोपेत उठवून विचारलं तरी म्हणता येईल. सही होते, शिक्का बसतो, फाळका लागतो, गाडी निघते आणि मी पुढच्या कामाला लागते. ती जनावरं पुढे कशी गेली, कशी उतरली, त्यांचा शेवट कसा झाला, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. यंदा ठरवलं, एका कळपाबरोबर शेवटपर्यंत जायचं. मालकाने, ड्रायव्हरने आणि कत्तलखान्याच्या व्यवस्थापकाने होकार दिला. अट एकच, कुणाचं नाव यायचं नाही.

१८४ मेंढ्या. सगळ्या नुकत्याच कातरलेल्या, ४५ ते ५० किलोच्या. वाड्यात शिरल्यावर मी आधी खाली उकिडवी बसते, कारण उभ्या माणसाला येणारा वास आणि मेंढीला येणारा वास एक नसतो. मुतामुळे तयार होणारा अमोनिया बिछान्यालगत सगळ्यात दाट असतो. तिथे नाक नेलं आणि डोळे चुरचुरले, की हवा बिघडली आहे हे समजायला यंत्र लागत नाही. मग गुडघा टेकून अर्धा मिनिट तशीच राहते. गुडघा ओला झाला तर मेंढी रात्रभर ओल्यातच बसते आहे. इथे डोळे चुरचुरले नाहीत, पण गव्हाणीच्या बाजूला गुडघा भिजला. मालकाला दाखवलं. त्याने लगेच त्या कोपऱ्यात कोरडं तूस टाकायला सांगितलं.

निवाऱ्याचा विचार करताना मला नेहमी १९६५ सालची ब्रॅम्बेल समिती आठवते. आदल्या वर्षी रूथ हॅरिसन यांनी ब्रिटनमधल्या बंदिस्त पशुपालनाबद्दल पुस्तक लिहिलं, लोक हादरले आणि सरकारला ही समिती नेमावी लागली. समितीने मागितलं ते किती साधं होतं! जनावराला उभं राहता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग चाटून साफ करता यावं, हातपाय ताणता यावेत. एवढंसुद्धा मिळत नव्हतं म्हणून ते लिहून काढावं लागलं. पुढे १९७९ मध्ये ब्रिटनच्याच शेतजनावर कल्याण परिषदेने त्याला ‘पाच स्वातंत्र्यं’ हे रूप दिलं. भूक-तहान नको, अवघडलेपण नको, वेदना-इजा-रोग नको, स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक हवी, आणि भीती व ताण नको. कॉलेजात ही पाचही मी पाठ केली होती. त्यातल्या शेवटच्याचं वजन मला या प्रवासात कळलं.

दुपारी एकेक मेंढी चालवून पाहिली. चार बाजूला काढल्या. दोघी गाभण होत्या, आणि दिवस भरत आले होते. मेंढीचा गर्भकाळ साधारण १५० दिवसांचा, त्यातला ९० टक्के उलटला की तिला गाडीत घालायचं नाही, असा युरोपीय संघाचा नियम आहे आणि मी तो सगळीकडे धरते. एकीच्या कासेला सूज होती. चौथी मागचा डावा पाय टेकत नव्हती. खूर उचलून पाहिला तर दोन नख्यांच्या मधली कातडी सडलेली. वाड्यावरचा पोरगा म्हणाला, “डॉक्टर, चढेल की ती. परवा संपणारच आहे, मग पाय दुखला काय अन् नाही दुखला काय?”

हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा ऐकलं आहे. आणि सुरुवातीच्या काही वर्षांत, रांग मोठी असताना, मी ते मान्य करून सहीसुद्धा केली आहे. त्या सह्या आज मला बोचतात. परवा मरायचं असलं तरी आजचा आणि उद्याचा दिवस तिला त्याच पायावर काढायचा आहे. हलत्या गाडीत तोल सांभाळायला चारही पाय लागतात. तीन पायांची मेंढी पडते, आणि दाटीत पडलेली मेंढी दुसऱ्यांच्या खुरांखाली जाते. मी पोराला एवढंच सांगितलं, “हिचा पाय बरा होऊ दे. औषध मी देते.” उरल्या १८०.

संध्याकाळी पलीकडे त्याच मालकाची अंड्यांच्या कोंबड्यांची शेड पाहिली. साधे तारेचे पिंजरे. युरोपीय संघाने असे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. त्याआधी तिथे एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा द्यावी असा नियम होता. आपण छापायला वापरतो तो ए-फोर कागद साधारण ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. कागदापेक्षाही लहान जागेत एक जीव वर्षभर उभा. अंडं घालायच्या आधी कोंबडी आडोसा शोधते, हे तिच्या रक्तातच आहे. आडोसा नसला तरी शोधणं थांबत नाही. मी पाहत होते तेव्हा एक कोंबडी शेजारणींच्या खाली डोकं घालून पुन्हा पुन्हा आत शिरू बघत होती. जायला कुठेच नव्हतं.

त्याच रात्री त्या शेडमधली म्हातारी तुकडी भरली जात होती. अंड्याच्या एका कवचात जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातला काही भाग कोंबडी स्वतःच्या हाडांतून देते. वर्षभर देऊन देऊन हाडं खडूसारखी ठिसूळ होतात. भरणारे लोक एका तंगडीला धरून, एका हातात तीन-चार, अशा पिंजऱ्याच्या दारातून ओढून काढत होते. एक बारीक आवाज झाला, वाळकी काडी मोडावी तसा. मी त्या माणसाच्या हातातून कोंबडी घेतली. मांडी मोडली होती. त्याला मी ओरडले नाही. त्याला क्रेटवर पैसे मिळतात, रात्र संपायच्या आत हजारो पक्षी भरायचे असतात आणि दोन्ही हातांनी पंख मिटून एकेक पक्षी उचलायचा तर तेवढा वेळ त्याला कुणी दिलेला नाही. तो वेळ द्यायचा की नाही, हे मजुरी ठरवणाऱ्याच्या हातात आहे. हे मी मालकाला त्याच रात्री बोलून दाखवलं. तो गप्प राहिला, पण भरणाऱ्यांत दोन माणसं वाढवली.

दुसरा दिवस : फाळका

पहाटे साडेपाचला गाडी मागे लावली. दोन मजली ट्रक, प्रत्येक मजल्यावर तीन खण, एका खणात ३० मेंढ्या. कातरलेल्या, ५५ किलोच्या आतल्या मेंढीला ०.२० ते ०.३० चौरस मीटर जागा हा युरोपचा हिशेब. आमच्या गाडीत पाव चौरस मीटर पडत होती. मला थोडी जास्त चालली असती.

पहिल्या दहा मिनिटांत एकही मेंढी चढली नाही. पोरांनी आरडाओरडा सुरू केला, एकाने काठी उचलली. मी सगळ्यांना दोन मिनिटं थांबवलं आणि स्वतः रॅम्पच्या पायथ्याशी ओणवी होऊन मेंढीच्या डोळ्यांच्या उंचीवरून वर पाहिलं. समोर काळं भोक. बाहेर फटफटलेलं, गाडीत मिट्ट अंधार. मेंढी उजेडातून अंधारात पाऊल टाकत नाही, अंधारातून उजेडाकडे मात्र बिनतक्रार जाते. शिवाय फाळक्याची साखळी लोंबकळून वाऱ्याने वाजत होती आणि कठड्यावर कुणाचा तरी पिवळा रेनकोट वाळत होता. साखळी बांधली, रेनकोट काढला, गाडीच्या आत पुढच्या बाजूला एक बॅटरी लावली, तिचा झोत मेंढ्यांच्या डोळ्यांत न जाता छतावर पडेल अशी. मग मालकाने एका मेंढीला पुढे घातलं. तिचा उजवा कान मधोमध फाटलेला, बिल्ला कधीतरी कुंपणात अडकून निघाला असावा. ती फाटक्या कानाची चढली आणि तिच्यामागे सगळी रांग.

जनावरं हाकण्याचं हे शास्त्र जगभर पोचवण्यात टेंपल ग्रँडिन या अमेरिकी संशोधक बाईंचा वाटा फार मोठा आहे. त्यांनी स्वतः जनावरं हाकायच्या अरुंद गल्ल्यांतून जनावराच्या जागी उभं राहून पाहिलं की ती नेमकी कशाला बिचकतात. डबक्यातली चकाकी, जमिनीवरची सावली, तोंडावर येणारा वारा, लोंबकळणारी साखळी. प्रत्येक जनावराभोवती एक अंतर असतं, त्याच्या आत आपण शिरलो की ते दूर सरकतं. आणि खांद्याजवळ एक बिंदू असतो. त्याच्या मागे उभे राहिलो तर जनावर पुढे जातं, त्याच्या पुढे गेलो तर मागे फिरतं. काठी उचललेला पोरगा मेंढ्यांच्या डोक्याजवळ उभा राहून त्यांना पुढे ढकलू पाहत होता. त्याला खांद्याच्या मागे आणून उभं केलं. काठी त्याने स्वतःच टाकली.

एका गोष्टीकडे मात्र मी दुर्लक्ष केलं. वरच्या मजल्यावर मागच्या खणात शेवटच्या काही मेंढ्या अडल्या तेव्हा क्लीनरने एकीला कमरेवरच्या लोकरीला धरून आत ओढलं. लोकर कातरलेली असली तरी मुठीत येण्याएवढी होती. मी खालून पाहिलं, म्हटलं, झालं चढवून. तेवढ्यावर सोडून दिलं.

सहा वाजून वीस मिनिटांनी निघालो. मी केबिनमध्ये. ड्रायव्हरकाका वयस्क, तीस वर्षं जनावरांच्याच गाड्या चालवलेले. पहिल्याच वळणाआधी त्यांनी बराच आधी गिअर उतरवला. म्हणाले, “ताई, पोत्यांची गाडी ब्रेकवर चालते, जनावरांची गाडी गिअरवर चालते. ब्रेक मारला की मागून धपधप ऐकू येतं. तो आवाज आला की समजायचं, आपण चुकलो.” मेंढ्या एकमेकींच्या अंगावर रेलून तोल सांभाळत नाहीत. पाय फाकवून, अंतर राखून, स्वतःच्या पायांवर उभ्या राहतात. म्हणून फार दाटीही वाईट आणि फार मोकळीकही.

अकराच्या सुमाराला रस्त्यावर कोंडी झाली. पुढे कुठेतरी अपघात. चालत्या गाडीत वारा आपोआप आरपार जातो. गाडी थांबली की वारा थांबतो, आणि १८० अंगांची ऊब आणि वाफ आतच कोंडते. वीस मिनिटांत मी जाळीतून हात घातला तर आतली हवा ओल्या फडक्यासारखी लागली. निवांत मेंढी मिनिटाला १५ ते ३० श्वास घेते. मी घड्याळ लावून एकीच्या कुशीकडे पाहत मोजले, शंभराच्या वर. तोंडं अजून मिटलेली होती. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागली की मेंढी खरोखर संकटात असते. काकांनी पुढच्या दोन ट्रकवाल्यांना विनंती करून गाडी रस्त्याकडेच्या झाडांखाली घेतली आणि आडवी लावली, वारा कुशीतून शिरेल अशी. पत्र्यावर पाणी मारलं. दीड तास तिथे गेला. त्या दीड तासात काकांना तीन फोन आले, कधी पोचणार म्हणून. उशीर झाला की त्यांचे पैसे कापले जातात. जनावराच्या प्रवासाला घाई महाग पडते हे सगळ्यांना माहीत असतं, पण भाडं ठरवताना त्या माहितीचा कुणाला उपयोग होत नाही.

दुपारनंतर रस्ता मोकळा, हवा थोडी उतरली. चारच्या सुमाराला जाळीतून पाहिलं तर खालच्या मजल्यावर निम्म्याहून जास्त मेंढ्या बसल्या होत्या आणि रवंथ करत होत्या. घाबरलेली मेंढी रवंथ करत नाही. फाटक्या कानाची आणि एक काळतोंडी एकमेकींना खेटून बसल्या होत्या. २००१ साली केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मेंढी पन्नास मेंढ्यांचे चेहरे ओळखते आणि दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात ठेवते. म्हणून खण भरताना वाड्यात एकत्र राहणाऱ्यांना एकत्रच ठेवावं. अनोळखी चेहऱ्यांत ठेवलेली मेंढी, त्याहून एकटी पडलेली मेंढी, उभीच राहते.

रात्री आठला मुक्कामाच्या आवारात थांबलो. युरोपच्या नियमात मेंढ्यांना चौदा तास प्रवास, मग किमान एक तास थांबून पाणी, मग फार तर आणखी चौदा तास, अशी चौकट आहे. आम्ही नळ्या जोडून प्रत्येक खणात पाणी सोडलं. बऱ्याच जणी प्यायल्याच नाहीत. वाड्यावर त्या हौदातून पितात, चोखायची नळी त्यांना ओळखीची नाही. कागदावर ‘पाणी दिले’ अशी नोंद झाली असती आणि ती खरीही असती. काकांनी पत्र्याची पसरट घमेली काढली, ती खणांत सरकवली, तेव्हा डोकी खाली गेली.

घमेली सरकवतानाच मला ती दिसली. वरच्या मजल्यावर, मधल्या खणात, आडव्या फळीला लागून बसलेली. बाकीच्या उठल्या, ही उठेना. बॅटरी धरून पाहिलं. खण वेगळे करणाऱ्या लोखंडी फळीच्या खालच्या कडेत आणि गाडीच्या तळात चार बोटांची फट होती. मागचा पाय त्या फटीत गेला होता आणि नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं. किती वेळ झाला असेल? कोंडीतून निघताना एक धक्का बसला होता. बहुतेक तेव्हा. म्हणजे आठ तास. ती ओरडत नव्हती. मेंढी शिकार होणाऱ्यांच्या जातीची आहे, दुखणं दाखवलं की लांडगा तिलाच हेरतो, म्हणून ती दुखणं गिळते. कान मागे पडलेले, नाकपुड्या आवळलेल्या, गाल आत ओढलेले. तेवढ्यावरूनच वाचायचं असतं.

तिला आणखी पुढे नेण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारच्यांना हलवून जागा केली, पाय फटीतून सोडवला आणि मी तिथेच तिला इंजेक्शन दिलं. एक हात तिच्या डोळ्यांवर ठेवला होता. श्वास थांबला, मग हृदय थांबलं. पापणीला स्पर्श करून खात्री केली.

वाड्यावर मी १८४ मेंढ्या तपासल्या होत्या. नाक, डोळे, कास, खूर, चाल. गाडी तपासली नव्हती. दाखल्यावर जनावराचे रकाने असतात, फळीखालच्या फटीचा रकाना नसतो. मी तेवढ्यावरच थांबले, आणि ही माझी चूक आहे.

तिसरा दिवस : ओळख नसलेलं छप्पर

रात्रीच्या गारव्यात बाकीचं अंतर कापून पहाटे पाचला पोचलो. कत्तलखान्याचा उतरणीचा धक्का गाडीच्या तळाशी अगदी समपातळीत होता, घसरू नये म्हणून खरबरीत केलेला. वीस मिनिटांत सगळ्या खाली. इथल्या पोरांच्या हातात काठ्या नव्हत्या, बांबूच्या टोकाला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या. त्या हलवल्या की सळसळ होते, तेवढी पुरते.

विश्रांतीच्या कोंडवाड्यांत दिवसभर फारसं काही घडलं नाही, आणि तेच चांगलं. पाणी, थोडा सुका चारा, सावली. दुपारपर्यंत बहुतेक बसल्या. संध्याकाळी इथल्या पशुवैद्यांनी एकेकीला तपासलं. मी त्यांच्याबरोबर फिरले. वरच्या मागच्या खणातून उतरलेली एक मेंढी कमरेला हात लावला की अंग चोरत होती. त्यांनी नोंद केली. मला क्लीनरची मूठ आठवली.

चौथा दिवस : सेकंद

सकाळी सातला काम सुरू झालं. इथे कळपाला पुढे नेणारा एक वाटाड्या मेंढा आहे. तो गल्लीतून निवांत चालत जातो, बाकीच्या त्याच्यामागे जातात, शेवटच्या वळणावर तो एका बाजूच्या फाटकातून बाहेर पडतो आणि परत येतो. हे पाहून माझ्या पोटात कालवलं, हे खरं. पण त्याच्यामागे चालणाऱ्या मेंढ्यांच्या चालीत घाई नव्हती, हेही मी पाहिलं. गल्लीच्या दोन्ही बाजू भरीव होत्या, पलीकडे काय चाललंय ते कुठूनच दिसत नव्हतं.

मग एकेक मेंढी दोन बाजूंनी आधार देणाऱ्या पट्ट्यात येते. कामगार चिमट्यासारखं उपकरण डोक्याच्या दोन्ही बाजूंना, डोळा आणि कानाच्या मध्ये धरतो. प्रवाह मेंदूतून आरपार जायला हवा. मेंढीसाठी किमान १ अँपिअर. कमी पडला, किंवा चिमटा मानेवर सरकला, तर मेंढी बेशुद्ध न होता नुसती विजेचा धक्का खाते. लोकर वीज अडवते म्हणून जागा ओली करून घेतात. नीट लागला तर अंग एका क्षणात ताठ होतं, श्वास थांबतो, मग काही सेकंदांनी पाय झाडले जातात. पाहणाऱ्याला वाटतं ती तडफडते आहे. पाय झाडणं म्हणजे शुद्ध नव्हे. पाहायचं ते डोळ्यात आणि कुशीत. श्वासाची लय परत आली का, बुबुळ हलून काही पाहतं आहे का, मान सावरून उठायचा प्रयत्न आहे का. यातलं काहीही दिसलं तर सगळं थांबवून तत्काळ पुन्हा बेशुद्ध करायचं.

आणि मग सुरी. डोक्यातून दिलेल्या विजेने आलेली बेशुद्धी एका मिनिटाच्या आत उतरू शकते. रक्त वाहून मेंदू बंद पडायलाही काही सेकंद लागतात. म्हणून चिमटा सुटल्यापासून १५ सेकंदांच्या आत मानेच्या दोन्ही मोठ्या धमन्या कापल्या गेल्या पाहिजेत. मी घड्याळ लावून पन्नास मेंढ्यांचा वेळ घेतला. बहुतेक वेळा आठ ते अकरा सेकंद. दोनदा सतरा. ते दोन्ही शिफ्टच्या शेवटच्या अर्ध्या तासातले. त्या कामगाराचा खांदा भरून आला होता, तो सुरी दुसऱ्या हातात घेऊन बोटं झटकत होता. मी व्यवस्थापकांना ते घड्याळ दाखवलं. माणसं दर तासाला बदलावीत असं त्यांच्याही मनात होतं, त्यांनी त्याच दुपारी पाळी बदलली.

मोजणं हे इथे दयेइतकंच कामाचं आहे. ग्रँडिन यांनी १९९६ साली अमेरिकेतले मोठे जनावरांचे कत्तलखाने फिरून मोजलं, तेव्हा पहिल्याच फटक्यात ९५ टक्के जनावरं बेशुद्ध करणारे कत्तलखाने दहापैकी तीनच निघाले. फटका चुकण्याचं मुख्य कारण माणसाचं क्रौर्य नव्हतं, कपाळावर लोखंडी बोल्ट मारून बेशुद्ध करणाऱ्या पिस्तुलाची साफसफाई होत नव्हती. मोजणी लागू झाल्यावर काही वर्षांत चित्र पार बदललं. सगळीकडे मात्र उत्तरं इतकी सोपी नाहीत. कोंबड्यांना शुद्धीत असताना उलटं टांगून विजेच्या पाण्यातून नेतात, टांगतानाच ठिसूळ पाय पिळवटतात, पंख फडफडून काहींची डोकी पाण्यात जायचीच राहतात. क्रेटमध्येच वायूने बेशुद्ध केलं तर ते टांगणं टळतं. पण डुकरांना देतात तो दाट कार्बन डायऑक्साइड नाकात झोंबतो, बेशुद्ध व्हायच्या आधीचे काही सेकंद त्यांची घुसमट होते. जिथे धर्माच्या रीतीने न बेशुद्ध करता कापतात, तिथेही सुरीची धार, एकच अखंड घाव, जनावराला उलटं न करता उभं धरणं, या गोष्टींनी फार फरक पडतो. काही ठिकाणी तिथल्या धर्मगुरूंनी डोक्यापुरती वीज स्वीकारली आहे, कारण तिने हृदय थांबत नाही. या प्रश्नावर मला ओरडाआरडा करणाऱ्यांपेक्षा त्या गल्लीत सुरी धरणाऱ्या माणसांशी बसून बोलणारे जवळचे वाटतात.

दुपारी कातडी सोललेल्या अंगांच्या रांगेतून मी चालत गेले. एका अंगावर कमरेच्या वर, डाव्या बाजूला, काळपट लाल डाग होता. जवळ गेले. एक डाग नव्हता, चार होते, शेजारी शेजारी, लांबट. चार बोटं. थोडं खाली अंगठ्याचा पाचवा. लोकर धरून ओढलं की कातडी मांसापासून सुटते आणि खाली मुका मार बसतो, बाहेरून काहीच दिसत नाही. मी माझा हात त्या डागांवर धरला. क्लीनरचा हात माझ्यापेक्षा मोठा होता.

मांसाची आम्लता मोजणारे गृहस्थ आमच्या तुकडीतले आकडे दुसऱ्या दिवशी सकाळी घेणार होते. शांत मेलेल्या मेंढीच्या स्नायूत साखरेचा साठा शिल्लक असतो, मेल्यावर त्याचं आम्ल बनतं आणि पीएच, म्हणजे आम्ल वाढलं की खाली येणारा आकडा, साधारण ५.५ वर येतो. भीती आणि दगदगीने तो साठा आधीच संपला तर पीएच ६ च्या वर अडकतो, मांस काळं, चिकट होतं आणि लवकर खराब होतं. रवंथ करणाऱ्या जनावरात तो साठा भरून यायला दिवसच्या दिवस जातात, एका रात्रीची विश्रांती पुरत नाही.

फाटक्या कानाची सकाळी नवाच्या सुमाराला गेली. मी चिमट्याच्या पलीकडे उभी होते. काळतोंडी तिच्या पुढे होती. दोघींच्या मध्ये नऊ सेकंदांचं अंतर.

पाचवा दिवस : रिकामी गाडी

सकाळी आकडे आले. १७९ पैकी अकरा मेंढ्यांचा पीएच ६ च्या वर. त्यातल्या सात वरच्या मजल्यावरच्या मधल्या खणातल्या, जिथे ती पाय अडकलेली आठ तास पडून होती. बाकीच्या तिच्याभोवती एवढा वेळ जागा सोडून उभ्या राहिल्या असणार.

परतीच्या वाटेवर काकांना मी ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पहिल्या वेल्डिंगच्या दुकानासमोर त्यांनी गाडी आडवी घेतली. फळीच्या खालच्या कडेला तळापर्यंत येणारा पत्रा लावायचा, असं त्यांनी हाताने माप दाखवून सांगितलं. सहाही खणांना. पैसे अर्धे मी दिले, ते घेत नव्हते. क्लीनर तोवर बाजूला बसला होता. त्याला मी बोलावलं, माझ्या अंगातल्या स्वेटरची कड त्याच्या मुठीत दिली आणि ओढायला सांगितलं. त्याने हलकेच ओढलं. मग मी दाखवलं, एक हात हनुवटीखाली, दुसरा शेपटीच्या मुळाशी, आणि मेंढी चालायला लागते. त्याने दोनदा रिकाम्या हवेत तसे हात धरून पाहिले.

वेल्डिंग थंड झाल्यावर मी गाडीत चढले आणि गुडघ्यावर बसून प्रत्येक फळीखाली बोटं घातली. पाच खणांत करंगळीसुद्धा जात नव्हती. सहाव्यात, डाव्या कोपऱ्यात, एक बोट गेलं. काकांनी वेल्डिंगवाल्याला परत हाक मारली.